आईच्या मेंदीच्या नऊ काड्या

फिगीग, मोरोक्को, ११ मार्च १९९०

सिदी बूझियान यांस,

अल्लाहचं नाव घेऊन लिहायला बसलो आहे. अकरा वर्षांत तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे हात अडखळतो आहे. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही तिकडे ट्युनिशियात, नफ्त्यात सुखरूप असाल.

वहिनी लल्ला सालिहा यांचं पत्र मागच्या सप्टेंबरात मिळालं. आपली नजला आता लग्नाची झाली, सी तय्यिब यांच्या घरी ती जाणार, हे वाचून आनंद झाला. वहिनींनी आपल्या आईच्या मेंदीची पूड मागितली होती, आणि लावायला काही जिवंत काड्या. नवरीच्या हाताला आजीची मेंदी लागावी आणि पुढे तिच्या दारातही तीच असावी, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र तुम्हाला न विचारता लिहिलं आहे, असंही त्यात होतं. तुम्ही मागितलं नाहीत हे मला कळलं. तरी पाठवतो आहे ते तुमच्याच नावे, कारण ती तुमचीही आई होती.

पत्र आलं त्याच आठवड्यात बारा काड्या छाटून आईच्या झाडाशेजारच्या वाफ्यात लावल्या. तीन गेल्या. नऊंना मुळं फुटली आहेत. मुळांवरची माती झटकलेली नाही. तुम्हीही झटकू नका, आईच्या हाताखालची माती आहे ती. वर खजुराचा ओला काथ्या गुंडाळला आहे, आणि पुडीच्या पुरचुंडीसकट सगळं मिळून तुमची भावजय रक़ियाने नजलासाठी विणलेल्या घोंगडीच्या आत. लोकरीचा माल घेऊन तोझूरपर्यंत जाणारा बेलकासम हे तुमच्या दाराशी आणून देईल. सरहद्दीवर झाडपाल्याची विचारपूस होते म्हणून असं गुंडाळावं लागलं.

बाग बरी आहे. वडिलांच्या अझीझा खजुरीला यंदा थोडी तहान लागलेली दिसते. पाण्याची एक पाळी जास्त देतो आहे.

नजलाला आशीर्वाद.

मीमून


फिगीग, ५ एप्रिल १९९०, रमजान

सिदी बूझियान यांस,

बेलकासम परत आला. सरहद्दीवर काय झालं ते त्याचं मशिदीबाहेर सगळ्या गावाला सांगून झालं आहे. घोंगडीला ओल आलेली पाहून शिपायाने विचारलं, हे काय. बेलकासमने सांगितलं, सासूबाईंचं अंथरूण आहे, आठ दिवस आजारी होत्या, साहेबांना वास घेऊन बघायचा असेल तर सोडतो. शिपायाने त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. लोक अजून हसत आहेत. त्याची सासू मात्र त्याच्याशी बोलत नाही.

तुम्ही गुंडाळी दारातच घेतलीत, त्याला आत बसवलं नाहीत, हेही त्याने सांगितलं. ते ठीकच आहे. तुम्ही एवढंच विचारलंत म्हणे, की मी अजून वडिलांच्या झाडावर चढतो का. चढतो. आता गुडघे कुरकुरतात.

एक विचारायचं होतं. काड्या कुठे लावल्यात?

विचारण्याचं कारण असं, की मेंदीला खजुराची सावली मानवत नाही. बागेपासून लांब लावलेली बरी. मेंदीवरून गेलेलं पाणी खजुराकडे जाऊ देऊ नये. त्याने फळ तुरट होतं असं इथे काहीजण म्हणतात. लावली असेल तर तिथल्या मातीसकट काढून दुसरीकडे न्यावी. घाईने न्यावी.

आणि दुसरं. त्यातल्या काही सी तय्यिब यांच्याकडे गेल्या आहेत का? आपल्याकडची रीत तुम्हाला आठवत असेल. मुलीने माहेरची मेंदी सासरच्या बागेत, पाणी जिथून आत शिरतं त्या पाटाच्या तोंडाशी लावायची. ती रीत यंदा राहू द्या. रीती काय, बदलतात.

उत्तर लगेच लिहा. बाकी काही लिहू नका, कुठे लावल्या तेवढंच लिहा.

मीमून


फिगीग, १० एप्रिल १९९०

बूझियान,

मागच्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते खोटं होतं. मेंदीला सावली चालते. तिची झाडं खजुराखालीच वाढतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. उपवास धरून मी ते लिहिलं.

खरं ते आता लिहितो.

मार्चच्या शेवटी, फळ धरावं म्हणून नराचा फुलोरा बांधायला, अझीझावर चढलो. वर पोचल्यावर गाभ्याजवळची एक झावळी दिसली. तिची एकच बाजू राखेसारखी पांढरी झाली होती. पाती देठाला चिकटून बसली होती, भिजलेल्या कोंबडीचा पंख दिसतो तशी. दुसरी बाजू हिरवीगार. खालून काही कळत नाही, वर गेल्यावरच कळतं. फुलोरा न बांधताच मी उतरलो.

खजुरी मारणारा तो बयूद आहे. आपल्या गावात बागेत उभं राहून हे नाव कुणी घेत नाही, म्हणतात झाडाला तहान लागलीय, आणि पाणी वाढवतात. लहानपणी आपणही तसंच म्हणायचो. तू गेल्यानंतर इथल्या निम्म्या बागांना तहान लागली आणि एकाही बागेत बयूद आला नाही.

भिंतीकडची ती उंच खजुरी तुला आठवते? वडिलांच्या शेवटच्या वर्षी ती वाऱ्याने पडली, असं आम्ही तुला सांगितलं. वाऱ्याने नाही पडली. मी आणि वडिलांनी ती करवतीने कापली. वडील मला म्हणाले, बूझियानला कळू देऊ नकोस, तो तिकडे बोलेल, मग आपल्या फुटव्यांना कुणी हात लावणार नाही. पुढे त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला तू आलास आणि अझीझाचा एक फुटवा मागितलास. तुझ्या बागेत दग्लत नूर खजुरींच्या ओळीत तो वेगळा उभा राहील, म्हणालास. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी काय बोललो ते तुला आठवतच असेल. "जो सोडून जातो त्याने हात हलवत जावं."

तुला बाजूला घेऊन, भिंतीशी उभं राहून, खरं सांगता आलं असतं. मी ते वाक्य निवडलं, कारण त्यानंतर तू पुन्हा मागणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो की मी तुझी बाग वाचवली. ते खोटं नाही. पण ते बोलताना मला बरं वाटलं होतं, हेही खोटं नाही. वडिलांची सेवा मी केली आणि रडायला सगळे तुझ्या गळ्यात पडत होते.

एवढी काळजी खजुराची घेतली, आणि मेंदीचा विचार मनाला शिवला नाही.

पहिल्या एप्रिलला शेतकी खात्याचा बेनाली आला होता. त्याची ती फटफटी तीन वस्त्या पलीकडे असतानाच ऐकू येते. दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात तो बयूदबद्दल बोलला. ज्यांच्या बागेत रोग नाही अशी सगळी माणसं बसलेली, जो तो दुसऱ्याच्या भल्यासाठी ऐकत होता. शेजारच्या हम्मूने विचारलं, खजुरीच्या रोगात मेंदी आणि लसूणघास कुठून आणलात. बेनाली म्हणाला, रोग त्यांच्या मुळात घर करून राहतो. "मेंदी मरत नाही, सुकत नाही. हिरवीगार दिसते आणि रोग पोसते. म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही." पुढचं मला काही ऐकू आलं नाही. आईची मेंदी त्या कापलेल्या खजुरीपासून सहा पावलांवर आहे.

दुसऱ्या दिवशी तार करायला टपाल कचेरीत गेलो. खिडकीवर द्रीस होता. तो तारेचे शब्द मोठ्याने वाचून मोजतो, माझ्यामागे चारजण उभे होते. तुझ्याकडेही ती तार कुणीतरी वाचली असती. कागदाशिवाय झाड आणणं तिकडे गुन्हा आहे. बेलकासम अडकला असता, तूही. ही कारणं खरी आहेत. पण मला आठवतात ते पाठीमागचे चारजण. द्रीसने विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, एक तिकीट दे.

त्यानंतर तीन दिवस घालवून ते खोटं पत्र लिहिलं, आणि त्यानंतर आणखी पाच दिवस गप्प बसलो. या दिवसांचे उपवास माझ्या खाती जमा झाले की नाहीत, ते अल्लाहलाच माहीत.

आता मी सांगतो तसं कर. काड्या जिथे असतील तिथे हातभर खोल खण. माती झटकू नकोस, मुळं पाटात धुऊ नकोस. सगळं गोणीत भर आणि बागेपासून लांब, उघड्या खडकावर जाळ. ज्या खोऱ्याने खणशील ते लाल होईपर्यंत त्याच आगीत ठेव. काथ्या जाळ. घोंगडी जाळ, रक़ियाने ती तीन महिने विणली, पण जाळ. मेंदीच्या पुडीने काही होतं का, हे बेनालीला विचारायची हिंमत झाली नाही. तीही जाळ. आणि नजलाला विचार, सासरी काही गेलं का.

तुला वाटेल मी हे मुद्दाम केलं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पुरावा माझ्याकडे काही नाही. पाठवताना नऊही काड्यांवर मी फातिहा वाचून फुंकर घातली होती. रक़ियाने ते पाहिलं आहे.

मीमून


फिगीग, १७ मे १९९०

बूझियान,

तुझं पत्र काल आलं. द्रीसने ते हातात देताना मला दोनदा न्याहाळलं. बागेत नेऊन वाचलं.

वर नमस्कार नाही, खाली सही नाही, तरी अक्षर तुझंच. पाटीवर गिरवायला बसायचो तेव्हा तुझा अलिफ पुढे झुकायचा आणि मास्तर तुझ्या बोटांवर छडी मारायचे. अजून झुकतो.

"तुझी माती मी माझ्या बागेत घेईन असं तुला वाटलंच कसं? तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकून गच्चीवर ठेवली होती. सालिहा पाणी घालायची." हे वाचून मी जमिनीवर बसलो आणि अल्लाहचा शुक्र मानला. तुझ्या रागाने तुझी बाग वाचवली. ज्या रागासाठी मी अकरा वर्षं तुला मनातल्या मनात बोल लावले, त्याच रागाबद्दल देवाचे आभार मानले. मग थोड्या वेळाने तुझं वाक्य मला लागलं. ते लागायलाच हवं होतं.

पण पुढचं वाचून उठून उभा राहिलो. डब्यात सातच निघाल्या.

उरलेल्या दोन वहिनींनी पहिल्याच दिवशी, तुला न सांगता, नजलाच्या हाती मिठाईबरोबर सी तय्यिबच्या घरी पाठवल्या. आणि त्यांच्या बायकोने त्या आपल्याकडच्या रीतीने, सुनेचा मान म्हणून, पाटाच्या तोंडाशी लावल्या. आपली रीत वहिनींना मीच कधीतरी सांगितली असेल, नाहीतर आईने. त्यांना दोष देऊ नकोस.

चारशे झाडं, तू लिहितोस. आणि त्यांच्या बागेतून पाणी खाली जातं ते आणखी तीन बागांत, आणि शेवटी तुझ्या. मी हे चारदा वाचलं. डोळे मिटले की ते पाणी दिसतं.

तू सी तय्यिबकडे गेलास. त्यांनी चहा दिला, बदामाच्या बिया टाकून, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सी बूझियान, मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा. मेंदीचं निमित्त कशाला?" लग्नाआधी नवरीची मेंदी उपटायची म्हणताच त्यांच्या बायकोने कानांवर हात ठेवले. झाड हिरवंगार आहे, नव्या पालवीवर आहे. रोगी असल्याचा शिक्का मारलेला कागद आणा, म्हणाले, मग बोलू. नाहीतर पुन्हा हा विषय नको.

तिथल्या सरकारात तू जाऊ शकत नाहीस, हे मला समजतं. गेलास तर तू, बेलकासम, आणि मेंदी लावून घेतली म्हणून सी तय्यिबसुद्धा अडकतील. मग लग्न कुठलं.

तुझं शेवटचं वाक्य मी रक़ियाला वाचून दाखवलं नाही. "लपवण्यात तू हुशार आहेस. आता एक कागद काढून दाखव."

काढतो.

मीमून


फिगीग, ३० मे १९९०

बूझियान,

कागद अजून हातात नाही. उशीर का होतो आहे ते लिहितो, नाहीतर तुला वाटेल मी पुन्हा तिकीट घेऊन घरी आलो.

मी बेनालीला गाठलं. माझ्या बागेतल्या मेंदीत रोग आहे असा कागद हवा, म्हटलं, पण कुणाची बाग ते त्यात नको. त्याने लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, असा कागद तुमच्यासमोर कुणी आणला तर तुम्ही मानाल का. वयाने माझ्या मुलासारखा आहे.

त्याने सगळं समजावून सांगितलं. कागद हवा तर तो बाग बघणार, झावळीचा तुकडा आणि मेंदीची मुळं तपासायला पाठवणार. रोग निघाला की बागेचं नाव नोंदवहीत. नाव चढलं की माणसं येणार. अझीझा आणि तिच्या भोवतीच्या खजुरी, मिळून तेवीस, कापून जाळायच्या. आईची मेंदी मुळासकट. भोवती चर. तिथे पुढची काही वर्षं खजूर लावायचा नाही, आणि बागेतून एक फुटवा बाहेर द्यायचा नाही.

ही बातमी घरी पोचायच्या आधी गावात पोचली. तिसऱ्या दिवशी हम्मू दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. चहाचे तीन पेले होईपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग हम्मू म्हणाला, "मीमून, तुझ्या भावाच्या व्याह्याची झाडं जगावीत म्हणून आमची पोरं उपाशी ठेवायची का? एक बाग वहीत गेली की गावाचा फुटवा कोण घेणार आहे? आपल्याकडे तहान आहे. तहानच राहू दे." तो वाईट माणूस नाही. वडिलांची तिरडी त्याने खांद्यावर घेतली होती, तू पोचायच्या आधी. मी एवढंच म्हटलं, की तीन महिने दुप्पट पाणी देऊन पाहिलं, तहान जात नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला नाही.

ते गेल्यावर रक़िया पेले गोळा करत होती. तिला मी अजून काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बाग गेली तर मी विणीन. दिवसाला दोन वीत जास्त विणीन. पण घास हातात घेऊन भिंतीकडे बघत बसलेलं तुमचं हे तोंड मला आता बघवत नाही." मग पेले धुवायला गेली.

सोमवारी बागेचं दार उघडून बेनालीला आत घेतलं. अझीझावर तो स्वतः चढला. खाली उतरून तो माझ्या शेजारी उभा राहिला. मेंदीची मुळं त्याने आईच्या झाडाची घेतली. झाड इतकं निरोगी दिसतं, की त्याचा तुकडा कापलेला मला बघवेना. तपासणीला पंधरा दिवस लागतील.

तोवर त्या दोन काड्यांना पाणी कमी जाईल असं काही करता येईल का? वरून बांध घालून पाट थोडा वळवता येईल का? सी तय्यिबना पटेल असं काहीतरी निमित्त सांग. मी निमित्तं सांगून कंटाळलो आहे, पण एक आणखी सांगायला लागलं तर त्याचं पाप माझ्याकडे ठेव.

मीमून


फिगीग, १९ जून १९९०

आदरणीय सी तय्यिब यांस,

सलाम. आपण मला ओळखत नाही. मी बूझियान यांचा धाकटा भाऊ, नजलाचा काका. आपल्या बागेत पाटाच्या तोंडाशी ज्या दोन मेंदीच्या काड्या लावल्या आहेत त्या मी पाठवल्या.

सोबत शेतकी खात्याचा शिक्क्याचा कागद आहे. त्यावर ज्या बागेचं नाव आहे ती आमच्या वडिलांची बाग, आता माझी. रोग त्या बागेत आहे आणि त्या मेंदीच्या मुळातही आहे. पाठवताना मला हे ठाऊक नव्हतं. पण बागेत रोग येऊन गेला आहे हे अकरा वर्षं ठाऊक होतं आणि मी ते झाकून ठेवलं. माझ्या भावालाही ते ठाऊक नव्हतं. त्याने आपल्याकडे येऊन जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मुलगी न देण्याचा त्याचा विचार कधीही नव्हता.

नवरीची मेंदी उपटणं अशुभ, हे आमच्याकडेही मानतात. पण ज्या घराने ती दिली त्या घराने आपल्या हाताने परत घेतली तर दोष लागत नाही, असंही आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मानतात. ते घर माझं. माझ्या वतीने बूझियान ती काढील. आपण हात लावू नये, आपल्या घरच्यांनीही लावू नये. त्यातून काही वाईट व्हायचंच असेल तर ते पाठवणाऱ्यावर येवो, मी ते या पत्रात माझ्या नावाने घेतो.

कागद खोटा वाटला तर त्यावरच्या कचेरीला विचारा. पुढच्या आठवड्यात इथली झाडं कापणार आहेत. कापून झाल्यावर विचारलंत तरी चालेल, पण काड्या त्याआधी काढू द्या. हात जोडून विनंती.

आपला,
मीमून


फिगीग, १८ जुलै १९९०

बूझियान,

तुझी तार द्रीसने खिडकीतूनच वाचून दाखवली, मोठ्याने, शब्द मोजत. माझ्यामागे सात माणसं होती. "दोन्ही काढल्या. खडकावर जाळल्या. व्याही स्वतः उभे होते. लग्न पंचवीस ऑगस्ट. ये." द्रीस म्हणाला, बारा शब्द, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो घेऊन बाहेर आलो आणि भिंतीच्या सावलीत बराच वेळ उभा राहिलो.

मग नेहमीप्रमाणे काळजी लागली. हातभर खोल खणलंस ना? चारही बाजूंनी? पाटाच्या तोंडाची मातीही जाळली असेल तर ठीक. बेनाली म्हणतो, काड्या तीन महिने होत्या, कदाचित काही झालं नसेल, पण पुढची तीन-चार वर्षं वर चढून प्रत्येक झावळी बघत राहावं लागेल. सी तय्यिबना हे सांग. एकच बाजू पांढरी. दोन्ही बाजू पिकल्या तर घाबरायचं नाही, ते वयाने होतं. त्यांचे चढणारे गडी वर जाऊन फक्त फळाकडे बघतात. त्यांना पानाकडे बघायला शिकव.

इथलं सगळं आटोपलं. तीन दिवस लागले. अझीझा दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. मी बाजूला उभा होतो, त्या माणसांनी मला विचारलं तर म्हटलं थांबतो. ती कापायला सोपी गेली, आतून तपकिरी पडली होती. आईची मेंदी मी स्वतः खणली. त्या लोकांना हात लावू दिला नाही. तिची मुळं भिंतीखालून पलीकडे गेली होती, हम्मूच्या बाजूला. मी त्याला हाक मारून दाखवलं. परवा तो पडक्या भिंतीशी येऊन उभा राहिला आणि हळूच विचारलं, एक बाजू पांढरी म्हणजे नेमकी कशी दिसते. मी त्याच्याबरोबर गेलो. त्याच्या दोन झाडांवर चढलो. दोन्ही चांगली होती. तिसऱ्यावर त्याने मला चढू दिलं नाही.

बागेत आता फार ऊन येतं. इतकं ऊन तिथे मी जन्मात पाहिलं नाही. डाळिंबाची चार झाडं ठेवली आहेत, बेनालीने ती चालतील म्हटलं.

लग्नाला यायचं की नाही यावर मी आठ दिवस विचार करतो आहे. यावंसं वाटतं. नजलाला मी एकदाही पाहिलेलं नाही. वहिनींची माफी मागायची आहे. तुझ्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही, पण बोलायचं आहे. आणि मग वाटतं, मी न आलेलंच बरं. माझ्या सगळ्या कपड्यांवर त्या बागेची धूळ आहे. नखांत आहे. रक़िया म्हणते, तुम्ही आता माणूस राहिला नाहीत, खात्याची वही झालात.

म्हणून असं ठरवलं आहे. घोंगडी, खजूर, बदाम, काहीही आणणार नाही. नवरीचा काका रिकाम्या हाताने आला म्हणून तिथल्या बायका बोलतील, त्यांना बोलू दे. नखं निघताना कापीन. अंगावरचे कपडे उकळून घेतले आहेत. इथल्या चपला गावच्या वेशीवरच टाकून देईन, अल्जीरियात बशारपर्यंत अनवाणी बसमध्ये बसायला मला लाज वाटत नाही. तिथे बाजारात रबरी चपला घेईन आणि त्या घालून तुमच्या सरहद्दीच्या नाक्यापर्यंत येईन. पण त्या चपलाही मी गावातून निघालेल्याच पायांत घालणार, तेव्हा त्यांचाही भरवसा मला वाटत नाही.

नाक्यावर मला घ्यायला येशील ना? येताना तुझ्या जुन्या चपलांची एक जोडी आण. नवी नको. तुझ्या बागेतली माती लागलेली असेल तीच आण. त्या मी तिथे घालीन, आणि मगच तुझ्याकडे चालत येईन.

मीमून